आबांची रॅले, अण्णांची सायकल

भिगवण तुम्हाला माहीत असतं. पहाटे चारला पुण्यातून निघायचं, फ्लेमिंगोंचे फोटो काढायचे, येताना मच्छी थाळी हाणायची आणि रविवारी रात्री फोटो अपलोड करायचे, हा कार्यक्रम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी एकदा तरी केलेला असतो. तिथून मागं न वळता सोलापूरच्या दिशेनं तसंच पुढं गेलं की पळसदेव लागतं आणि मग लोणी देवकर. हे मात्र तुम्हाला माहीत नसतं. हायवेवरून ऐंशीच्या स्पीडनं जाताना दिसतो तो ऊस, एमआयडीसी आणि चहाच्या टपऱ्या. आमचं गाव ते.

गेल्या दिवाळीत तिथल्या गोठ्यात मला आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, सायकल सापडली. 'सापडली' हा माझा शब्द. काकूच्या मते ती हरवलीच नव्हती. ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या रिकाम्या गोण्या आणि एक मोडका कुकर यांच्याखाली ती दहाएक वर्षं गुमान उभी होती. टायरचे पापड झालेले, सीटच्या चामड्यात उंदरांनी संसार थाटलेला, आणि सगळ्या अंगावर हिरव्या ऑइल पेंटचा जाड थर. मी हँडल धरून ओढली तर तळहात गंजानं लाल. पण हँडलखालच्या नळीवरचा बिल्ला अंगठ्यानं घासला आणि बगळ्याची मान दिसली. रॅले!

सही! मी लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. मिनिटाभरात चौदा बदाम. 'व्हिंटेज!', 'रिस्टोअर कर ना!', 'कॅफेच्या भिंतीवर काय दिसेल!' एकीनं तर किंमतही विचारली. तोच फोटो मी अण्णांनाही पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. रात्री जेवताना ताटातून मान वर न करता ते म्हणाले, "भंगारवाला येतो की गावात. कशाला एवढी झटापट?"

मला रागच आला. आबांची आठवण भंगारात घालायची? स्वतःच्या वडिलांची?

आबांनी ही सायकल साठच्या दशकात घेतली. तेव्हा आमचं घर भीमेच्या काठाला होतं. त्यासाठी त्यांनी एक खिलार खोंड विकला आणि आजीनं तो खोंड पुढची तीस वर्षं त्यांना ऐकवला. रॅले मूळची इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. तिथल्या रॅले स्ट्रीटवर सुरू झाली म्हणून हे नाव. आपल्याकडं तिनं बंगालमधल्या आसनसोलला भागीदारीत कारखाना टाकला आणि १९५२ पासून तिथं 'सेन-रॅले' बनायला लागली. सोनिपतची अॅटलास १९५१ ची, मद्रासजवळची टीआय सायकल्स १९४९ ची. सगळा देशच तेव्हा सायकलवर बसत होता आणि त्यात रॅले म्हणजे जरा वरच्या इयत्तेतली. आसनसोलचा तो कारखाना पुढं सरकारकडं गेला आणि नंतर बंद पडला. अॅटलासनं साहिबाबादचा कारखाना बंद केला तो दिवस होता ३ जून २०२०, म्हणजे जागतिक सायकल दिन. (मी हे एखाद्या कथेत लिहिलं असतं तर संपादकांनी 'फारच योगायोग' म्हणून कापलं असतं.)

उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं. नदीकाठची गावं उठली, आमचंही घर उठलं. सामान बैलगाडीतून आलं आणि आबा सायकल हातात धरून चालत आले, कारण कॅरिअरवर आजीचा पाटा-वरवंटा बांधलेला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेलं आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर आलं, तेव्हा ते बघायला लोक लांबून लांबून आले. आमच्याकडं मात्र पाण्याखालच्या गावातून वर आलेली हीच एक वस्तू. तीही कुकरखाली.

मी हडपसरला वाढले. मे महिना म्हणजे लोणी. आबा सायकलच्या मधल्या दांडीला टॉवेल गुंडाळायचे आणि मला त्यावर बसवून फिरवायचे. दोन्ही बाजूंनी त्यांचे हात, डोक्यावर त्यांची हनुवटी, तंबाखूचा वास. आठ वर्षांची असताना मी त्याच सायकलवर दांडीखालून पाय घालून हाफ पेडल शिकले. पडले की आबा पळत यायचे, गुडघ्यावर फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "सायकलीला काय नाय झालं, तुला काय झालं सांग." हे वाक्य लक्षात ठेवा. मला त्याचा अर्थ वीस वर्षांनी कळला.

तर ठरलं. दर शनिवारी गाडीतळावरून इंदापूरची एसटी, दोन दिवस गोठ्यात काम, सोमवारी पहाटे परत. फ्रीलान्सर असण्याचा एवढाच फायदा. डेडलाइन कुठंही बसून चुकवता येते. गुरू मिळाले ते शेजारच्या गावचे सायकलवाले मामा. आता त्यांच्याकडं मोटारसायकलींचीच पंक्चरं जास्त येतात, पण रॅलेचं नाव काढल्यावर त्यांनी हात पुसले आणि चहा सांगितला. मी त्याआधी कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल म्युझियम बघून आले होते, त्यामुळं माझ्या डोक्यात चकाचक काळी, सोनेरी रेघांची रॅले फिरत होती. मामांच्या डोक्यात कॉटर पिन होती.

कॉटर पिन म्हणजे पेडलचा दांडा मधल्या अॅक्सलवर घट्ट बसवणारी बोटभर लांबीची पाचर. गंजली की निघता निघत नाही. मी डिझेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी हातोडी घेतली. ठण्, ठण्, ठण्. पिन मुंडी वाकवून हसतेय. अण्णा तेव्हा गावी आले होते आणि पडवीत पेपर वाचत बसले होते. पाचव्या घावाला ते पेपरमधूनच म्हणाले, "खालनं टेकू दे. नायतर छर्रे कटोरीत रुतंल."

मी बघतच राहिले. एवढं बोलून त्यांनी पान उलटलं.

खालून लाकडाचा ठोकळा लावला आणि दुसऱ्या घावाला पिन सुटली. चेनकव्हर काढल्यावर आत चेनव्हीलमध्ये कापलेले तीन बगळे निघाले. इतकी वर्षं कव्हराच्या आत, कुणाला न दिसता. मग मधल्या कटोऱ्या. त्या झिजल्या असतील म्हणून मी पुण्याहून नवीन नेल्या होत्या. बसेनात. मामांनी अर्धा तास झटून सांगितलं, आटा वेगळा आहे. खरंच वेगळा. बाकीच्या ब्रिटिश सायकलींना तिथं इंचाला २४ आटे आणि रॅलेनं स्वतःचे २६ ठेवले होते. म्हणजे सुटा भाग घ्यायचा तर आमच्याकडूनच घ्या. मोबाइलच्या चार्जरचा फंडा तेव्हापासूनचा! पण जुन्या कटोऱ्या रॉकेलसारख्या वासाच्या कुठल्याशा द्रवात धुतल्यावर आरशासारख्या निघाल्या. एका बाजूला ११, दुसऱ्या बाजूला ११ असे पाव इंची छर्रे ग्रीसमध्ये मोत्यासारखे लावले आणि अॅक्सल फिरवला, तर आवाजच नाही. त्या शांततेसाठी तरी कुणीही एकदा हे करून बघावं.

एक गंमत सांगते. माझ्या पुण्यातल्या गिअरच्या सायकलचा टायर इंदापूरच्या बाजारात विचारला तर दुकानदार म्हणाला, "मागवावा लागंल." रॅलेचा २८ बाय दीड मागितला तर त्यानं वर न बघता खुंटीवरून काढून दिला.

रंगाकडं वळले आणि तिथं सगळं बदललं.

एमआयडीसीत पावडर कोटिंग करणारे एक जण ओळखीचे निघाले. ते म्हणाले, सगळे भाग आणून टाका. सँडब्लास्टिंग करून पार पांढरा पत्रा काढतो, वर पावडर उडवतो, दोनशे डिग्रीच्या भट्टीत घालतो, संध्याकाळी शोरूम पीस घेऊन जा. मी हो म्हणणारच होते. फक्त त्याआधी हिरव्याच्या खाली काय काय आहे ते बघू, म्हणून चेनकव्हर घेतलं आणि पाणी लावून बारीक पॉलिश पेपरनं घासायला लागले. हिरवा. त्याखाली रुपेरी, अॅल्युमिनियम पेंटचा. आणि त्या रुपेरीवर पांढरं काहीतरी. एक वेलांटी. मग काना. अर्ध्या तासानं सगळं नाव उभं राहिलं. ब्रशनं, पट्टी लावून, शाळकरी सुबक अक्षरात लिहिलेलं. नाव अण्णांचं. पुढं स्वल्पविराम आणि 'एस.वाय.बी.कॉम.'

मी कव्हर घेऊन पडवीत गेले. अण्णांनी चष्मा काढला, परत लावला.

"राहिलंय का अजून," एवढंच म्हणाले.

मग ते बोलले. मला सलग अर्धा तास अण्णांचं बोलणं ऐकल्याचं आठवत नाही, म्हणून जसं आठवतंय तसं सांगते. पहाटे चारला उठायचं, धारा काढायच्या, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे आणि पंधराएक किलोमीटर इंदापूर. दूध घालायचं, कॅन धुवायचे, ते सायकलला तसेच लटकवून कॉलेजला जायचं. पोरं दूधवाला म्हणायची. म्हणून त्यांनी चेनकव्हरवर नाव आणि वर्ग लिहून घेतला होता, पेंटरला चार दिवसांचे चहाचे पैसे देऊन. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे येताना सगळा तोंडावर. "तू म्हणती दांडीवर बसून फिरायचे," ते म्हणाले, "मी ती सायकल चालवली नाय गं. मला चालवायला लागली."

आणि मग ट्रक. पुणे-सोलापूर रस्ता तेव्हा दोन पदरी. १९८३ च्या पावसाळ्यात अंधारात मागून आलेल्या ट्रकनं इतका जवळून कट मारला की अण्णा कडेच्या चरात गेले. पुढचं चाक खड्ड्यात, चिमटा वाकला, दूध चिखलात. कुणीतरी आबांना निरोप दिला. आबा पळत आले.

"आले आणि आधी सायकल उचलली."

अण्णांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. माझ्या कानात मात्र ते हाफ पेडलवालं वाक्य वाजत होतं. सायकलीला काय नाय झालं, तुला काय झालं सांग. आबा मला जे विचारत होते ते त्यांना दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं राहून गेलं होतं का, हे विचारायला आता आबा नाहीत. मला माझे आबा तेवढेच माहीत होते. अण्णांचे वडील मला कधी भेटलेच नव्हते.

दोन वर्षांनी अण्णांना पुण्यात नोकरी लागली. घरी भांडण झालं, दूध कोण घालणार यावरून. पहिल्या दिवाळीला ते गावी आले तर सायकल हिरवी. बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग आबांनी तिच्यावर मारला होता, चेनकव्हरसकट.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? सायकल त्यांची होती."

पावडर कोटिंगचं मी रद्द केलं. फ्रेम गंजानं खड्डे पडलेली होती, ती रंगवणं भाग होतं; ते गावातच करायचं ठरलं. चेनकव्हर आहे तसं ठेवायचं, अर्धं हिरवं, अर्धं रुपेरी, मधोमध नाव, आणि वर फक्त क्लिअर लॅकरचा हात. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. "घालव ते नाव. येडं दिसतं. लोक वाचतील." मी म्हटलं, वाचू देत. ते म्हणाले, माझं नाव आहे. मी म्हटलं, माझी सायकल आहे. यावर आतून काका ओरडले, "गोठा माझाय!" त्या दिवशीचा वाद तिथंच संपला. पण कव्हर मी त्या रात्री माझ्या खोलीत उशाशी ठेवून झोपले, हे खरं.

दुसरा वाद चिमट्याचा. अपघातानंतर लोहारानं तो तापवून सरळ केला होता आणि वाकल्या जागी वेल्डिंगची गाठ मारली होती. मला तो तसाच हवा होता. कॅरेक्टर, पॅटिना, असले शब्द मी म्युझियममधून येताना बरोबर आणले होते. सायकलवरचा प्रत्येक व्रण म्हणजे गोष्ट वगैरे. मामांनी गाठीवर नख फिरवून मान हलवली: तापवलेलं लोखंड एकदा तिथं थकलं की सांगून तुटत नाही. आणि अण्णा, जे आख्ख्या प्रकरणात कधी आवाज चढवून बोलले नव्हते, ते उभे राहिले. "बाकी काय ठेवायचं ते ठेव. तो चिमटा बदलल्याशिवाय ही सायकल गोठ्याबाहेर काढायची नाय."

शोधाशोध मीच केली. आट्याचं लफडं इथंही होतंच, म्हणजे रॅलेचाच हवा. पुण्याच्या जुन्या बाजारात तीन खेपा घातल्यावर एका भंगाराच्या ढिगात मिळाला, दुसऱ्या कुठल्यातरी रॅलेचा, सरळ आणि न वाकलेला. जुना चिमटा गोठ्यात खुंटीला टांगलाय. काकू त्याला दावं अडकवते.

रंगाला माणूस मिळाला तो उसाच्या ट्रॉल्या रंगवणारा. हंगाम संपलेला, त्यामुळं मोकळा होता. कधीकाळी तो दुकानांच्या पाट्या लिहायचा. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या, ट्रॉल्यांवरची नावं तेवढी राहिली. फ्रेमचा जुना रंग आम्ही रिमूव्हरनं उतरवला, सीटखालच्या जोडावरचा नंबर सांभाळून. मग प्रायमर, घासणं, परत प्रायमर, परत घासणं आणि कॉम्प्रेसरनं काळ्याचे तीन हात. उन्हाळ्यात दुपारी मारायचा नाही, रंग हवेतच सुकतो आणि खरबरीत बसतो. संध्याकाळी मारायचा तर चिलटं चिकटतात. म्हणून पहाटे. आमच्या घरात परत कुणीतरी चारला उठून सायकलीपाशी जायला लागलं होतं, हे आईनं बोलून दाखवलं. अण्णा काही बोलले नाहीत.

राहिल्या सोनेरी रेघा. त्या कुठून कुठं जायच्या याचा एकही पुरावा उरला नव्हता. मी प्रिंटआउट्स नेल्या होत्या. पेंटरनं लांब केसांचा लायनर ब्रश सोनेरीत बुडवला, श्वास रोखला आणि अण्णा म्हणाले, "तिथनं नाय."

ते दुधाचा रिकामा कॅन उपडा घालून त्याच्या शेजारी बसले. दांडीवर दोन रेघा, एक जाड, एक बारीक. जोडाच्या अलीकडं चार बोटं थांबायची, टोकाला बाण. मडगार्डला मधोमध नाही, कडेनं. चिमट्याला फक्त पुढून. दर रविवारी खोबरेल तेलाच्या फडक्यानं सहा वर्षं पुसलेली सायकल. त्यांना डोळे मिटून सांगता येत होतं. दोन तास चाललं. मध्ये एकदा पेंटरचा हात हलला आणि रेघ किंचित वाकडी गेली. पुसू का, त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, "राहू दे. कंपनीतनं आली तवा पण तिथं जरा हललेलीच होती."

मेच्या शेवटच्या रविवारी सायकल उभी राहिली. सकाळी सहाला मी ती बाहेर काढली. ठरवलं होतं पळसदेवपर्यंत जायचं आणि यायचं. रॉड ब्रेक म्हणजे आधी प्रार्थना आणि मग दाबणं. साडी नेसलेली नव्हते तरी त्या उंच दांडीवरून पाय टाकताना धांदल उडाली. पण एकदा वेग आल्यावर ती जी चालली! जड सायकलचं एक बरं असतं, पळायला लागली की तिला थांबायचं नसतं. हायवे आता चौपदरी झालाय. मी कडेची पांढरी पट्टी धरून निघाले.

दोनेक किलोमीटर गेल्यावर लक्षात आलं, मागून एक गाडी येतेय आणि ओव्हरटेक करत नाहीये. वळून बघितलं. काकांची अल्टो. चारही इंडिकेटर लुकलुकतायत आणि स्टिअरिंगवर अण्णा. पंधराच्या स्पीडनं. त्यांच्यामागं एक ट्रक हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि अण्णा बाजूला व्हायला तयार नाहीत. मी हातानं 'जा' म्हटलं. त्यांनी हातानं 'कडेनं घे' म्हटलं. ट्रक शिव्या देत उजवीकडून गेला. पळसदेवच्या अलीकडं टपरीपाशी मी वैतागून थांबले, तेही थांबले.

"कुठं पडला होता तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "हितंच कुठंतरी. चर हुता. रस्त्यात गेला आता."

मग चहा येईपर्यंत त्यांनी रॅलेचं हँडल उचलून धरलं, पुढचं चाक हातानं फिरवलं आणि डोळा बारीक करून नव्या चिमट्यातून रिंग बघत राहिले.

"जरा आऊट हाय अजून," म्हणाले. "पाना आण गाडीतला."